समुद्रातला वायू, रानातला युरिया

एक रुपयाची जुनी नोट आता बाजारात क्वचितच दिसते, पण घराघरांत ती जपून ठेवलेली असते. एकशे एक, पाचशे एक असा आहेर करायचा असला की वरच्या एकासाठी ती शोधली जाते. ऐंशीच्या दशकात छापलेल्या या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा आहे. आमच्या नांदेडकडे कोणी त्याला जहाज समजतो, कोणी कारखाना. तो आहे ‘सागर सम्राट’. तेल आणि वायू शोधण्यासाठी समुद्रतळाला भोक पाडणारा, स्वतःच्या लांब पायांवर पाण्याबाहेर उभा राहणारा तराफा. १९९४ नंतर ही नोट छापणे थांबले आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हाही मागचे चित्र तेच ठेवण्यात आले.

नांदेडहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरांच्या पुढे आणि मुंबईहून हा तराफा जिथे उभा होता ती जागा आणखी सुमारे १६० किलोमीटर समुद्रात. एवढ्या लांबच्या गोष्टीशी मराठवाड्याचा काय संबंध, असा प्रश्न मला या विषयाची कागदपत्रे गोळा करताना अनेकांनी विचारला. संबंध आहे, आणि तो नोटेपेक्षा पोत्यातून अधिक आला. युरियाच्या पोत्यातून.

‘मुंबई हाय’वर मराठीत जे लिहिले गेले त्यातले बहुतेक तेलाविषयी आहे. तेल सापडले, तेल निघाले, परकीय चलन वाचले. त्याच समुद्रातून निघालेल्या नैसर्गिक वायूची, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतो त्याची कहाणी त्या तेलाच्या सावलीत राहिली. ती वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त बोधक आहे.

आधी एक घोळ दूर करू. स्वयंपाकघरातल्या लाल टाकीत असतो तो गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोडा दाब दिला की तो पातळ होतो, म्हणून १४.२ किलोच्या टाकीत भरून बैलगाडीतूनही नेता येतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो साध्या तापमानाला कितीही दाबला तरी पातळ होत नाही. त्यासाठी उणे १६० अंशांच्या आसपास थंड करावा लागतो. त्यामुळे तो न्यायचा तर नळीतूनच न्यायचा. तेल बोटीत भरता येते, कोळसा वाघिणीत भरता येतो, पण मिथेनला नळी लागते. ही नळी कुठून कुठे जाते यावर कोणाला काय मिळाले हे ठरते. या लेखातली निम्मी भांडणे या एका गुणधर्मातून निघालेली आहेत.

भारतात तेलशोधाचे काम सरकारने अंगावर घेतले ते १९५५-५६ मध्ये. केशवदेव मालवीय हे त्यामागचे आग्रही मंत्री. पाश्चात्त्य कंपन्यांचे तज्ज्ञ इथे फारसे काही मिळणार नाही असे सांगत होते. मालवीय सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञांकडे वळले. ऑगस्ट १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, उभा राहिला. १९६४ ते ६७ या काळात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज खंभातच्या आखातात आणि खाली मुंबईपर्यंत फिरले. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, समुद्रतळाखालच्या थरांवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि त्यावरून खडकांचा नकाशा काढायचा, ही त्याची पद्धत. त्या नकाशात मुंबईच्या पश्चिमेला एक प्रचंड घुमटाकार उंचवटा दिसला. इंग्रजीत त्याला ‘हाय’ म्हटले गेले आणि तेच नाव पडले. १९७० मध्ये खंभातच्या आखातात अलियाबेट येथे देशातली पहिली समुद्री विहीर खोदायला घेतली गेली. मुंबईच्या खोल पाण्यासाठी मात्र मोठा तराफा हवा होता. तो जपानमध्ये हिरोशिमा येथे मित्सुबिशीने बांधला. १९७३ मध्ये ‘सागर सम्राट’ तयार झाला, १९७४ च्या जानेवारीअखेर खोदाई सुरू झाली आणि फेब्रुवारीत तेल लागले.

१९७४ च्या फेब्रुवारी-मार्चचा मराठवाडा कोणत्या अवस्थेत होता? १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. सुकडी खाऊन, खडी फोडून माणसे जगली होती. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले होते, त्याची झळ रॉकेलच्या रांगेपर्यंत पोचली होती. आणि त्याच वर्षी मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतच्या गोळीबाराने ते गावोगाव गेले. नोकऱ्या, उद्योग, रुंदमापी रेल्वे अशा त्या मागण्या होत्या. मुंबईच्या समुद्रात सापडलेल्या संपत्तीत आमचा वाटा काय, असा प्रश्न त्यात कोणी विचारला नाही, आणि त्यात नवल नाही. समुद्र हा मराठवाड्याच्या हिशेबात कधी नव्हताच.

भूगर्भाच्या हिशेबात मात्र होता. आपली काळी माती ज्या बेसॉल्टची झीज होऊन झाली तो दख्खनचा लाव्हा किनाऱ्यावर थांबत नाही. तो समुद्राखाली पुढे जातो. मुंबईसमोरच्या समुद्रात अनेक विहिरी चुनखडी आणि शेलचे थर ओलांडून खाली त्याच काळ्या खडकाला जाऊन भिडतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल विवर घेतले, तेव्हा साडेतीनशे मीटरांच्या आतच बेसॉल्ट संपून त्याखालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला. समुद्रात उलटे झाले. तिथे लाव्हाचा थर खाली दबला, वर उथळ उष्ण समुद्र आला, त्यात जीवजंतूंच्या कवचांची चुनखडी साचत गेली. त्या चुनखडीच्या छिद्रांत तेल आणि वायू अडकले. आमच्या बाजूला पाऊस, नांगर आणि जनावरांचे खूर यांनी त्याच खडकाची माती केली. मराठवाडा आणि मुंबई हाय यांचे हे नाते कोणत्याही आंदोलनापेक्षा सहा-साडेसहा कोटी वर्षांनी जुने आहे.

मुंबई हायचे उत्पादन २१ मे १९७६ रोजी सुरू झाले. त्या दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, नांदेडचे. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला जायकवाडीचे उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झाले होते. एकाच मुख्यमंत्र्याच्या काळात, तीन महिन्यांच्या आत, गोदावरीचे पाणी कालव्यात आले आणि समुद्राचे तेल वर आले. पहिली घटना मराठवाड्याने डोक्यावर घेतली. दुसरी वर्तमानपत्रात वाचली.

पण त्याच आठवड्यात दिल्लीत एक तिसरी गोष्ट घडली, तिची आठवण क्वचितच काढली जाते. २७ मे १९७६ रोजी, म्हणजे पहिले तेल निघाल्यावर बरोबर सहा दिवसांनी, चाळीसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने राज्यघटनेचे २९७ वे कलम नव्याने लिहिले. किनाऱ्यालगतचा समुद्र, सागरमग्न भूखंडमंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील सर्व खनिजे आणि मौल्यवान वस्तू संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या मालकीच्या. समुद्रातल्या खनिजांवर केंद्राची मालकी आधीच्या कलमातही होती. दुरुस्तीने तिची हद्द वाढवून पक्की केली. परिणाम काय झाला? आसाम किंवा गुजरातच्या जमिनीवर तेल निघाले की त्या राज्याला स्वामित्वधन मिळते. मुंबईसमोरच्या समुद्रात निघाले की ते केंद्राला मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला येतात ते कारखाने, नोकऱ्या आणि प्रदूषण.

ही तरतूद अन्यायाची होती असे मी सरळ म्हणणार नाही. समुद्र सगळ्या देशाचा, ही भूमिका पटण्यासारखी आहे. लातूरच्या माणसाने तर ती नाकारू नये, कारण किनारा नसलेल्या जिल्ह्याला त्याच तत्त्वाने वाटा मागता येतो. अडचण ही की तो वाटा कधी मोजलाच गेला नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात सिंचन, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने यांचा अनुशेष जिल्हावार आकड्यांत मांडलेला आहे. वायू हे त्यातले सदर नव्हते.

आता मुख्य गोष्ट. मुंबई हायमध्ये तेलाबरोबर वायूही वर येतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जसे बुडबुडे सुटतात, तसा दाब कमी झाला की तेलात विरघळलेला वायू मोकळा होतो. तेल हवे असेल तर हा वायू टाळता येत नाही. त्याचे करायचे काय? नळी असेल तर किनाऱ्यावर न्यायचा, नाहीतर उंच नळकांड्याच्या टोकाला पेटवून द्यायचा. सुरुवातीच्या वर्षांत नळी नव्हती. तेल बोटींत भरून नेले जाई आणि वायू जळत राही. १९७८ मध्ये उरणपर्यंत तेलाची आणि वायूची अशा दोन नळ्या आल्या. उरणला प्रक्रिया केंद्र उभे राहिले. तरीही वायू घेणारे कारखाने तेलाच्या वेगाने उभे राहिले नाहीत. देशाला तेलाची घाई होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला मुंबई हायमधून दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होते आणि त्या प्रमाणात वायूही. रात्रीच्या विमानातून पश्चिमेला पाहणाऱ्यांना समुद्रात दिवाळी दिसत असे.

१९९०-९१ चा आकडा पाहा. त्या वर्षी देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर वायू निघाला. त्यातला ५ अब्ज घनमीटरांहून अधिक जाळून टाकला गेला. त्यात मोठा वाटा मुंबईच्या समुद्राचा होता. त्या काळच्या कारखान्यांत एक टन युरिया बनवायला ढोबळ मानाने आठशे घनमीटर वायू लागत असे धरले, तर पन्नास किलोच्या एका पोत्याला चाळीस घनमीटर. या हिशेबाने एका वर्षात जाळलेल्या वायूतून साठ लाख टनांहून अधिक युरिया झाला असता. अर्थात, एवढे कारखाने त्या वेळी नव्हते, आणि समुद्रातला प्रत्येक बुडबुडा किनाऱ्यावर आणणे परवडलेही नसते. पण हा हिशेब मी मुद्दाम करतो. आमच्याकडे पेरणी झाल्यावर पाऊस पडला की खताच्या दुकानासमोर रांग लागते, आणि ‘माल आला नाही’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे.

युरियाची गरज तेव्हा नवी होती हेही लक्षात घ्यावे लागेल. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० मध्ये सुरतचा एच-४ हा संकरित कापूस. ऐंशीच्या दशकात आमच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातला एनएचएच-४४ हा वाण कोरडवाहू रानांत पसरला. जायकवाडी, पूर्णा, मांजरा यांच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला. गावरान ज्वारीला शेणखत पुरत असे. या नव्या पिकांना नत्र लागले. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते तसे घेता येत नाही. मिथेनमधून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी उच्च दाबाखाली त्याचा संयोग करून अमोनिया करायचा आणि त्यापासून युरिया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाबर आणि बॉश या जर्मनांनी घालून दिलेली ही वाट. म्हणजे युरियाच्या पांढऱ्या दाण्यात हवा आहे आणि समुद्रातला वायू आहे. गावाकडच्या कास्तकाराला हे सांगितले तर तो हसतो, पण पोत्यावर हात ठेवून विचारात पडतो.

मुंबई हायचा वायू महाराष्ट्रात कामाला लागला तो मुख्यतः तीन-चार ठिकाणी. ट्रॉम्ब्यात खत कारखाना आणि वीज केंद्र. उरणला वीज मंडळाचे वायूवर चालणारे केंद्र. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा कारखाना. आणि अलिबागजवळ थळ. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा थळचा प्रकल्प १९८५ च्या सुमारास सुरू झाला. दिवसाला साडेचार हजार टन युरिया ही त्याची क्षमता होती, म्हणजे पन्नास किलोची नव्वद हजार पोती. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात सांगा, ओळख करून द्यावी लागणार नाही. थळला विरोधही झाला. मुंबईच्या दारात आणखी एक रासायनिक कारखाना नको, असे तिथले पर्यावरणवादी म्हणत होते. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्या चर्चेत अमोनियाची गळती होती आणि जाळला जाणारा वायू नव्हता, हे मला खटकते. नागोठण्याला नोव्हेंबर १९९० मध्ये वायूगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे मेली. तेव्हा धोका काल्पनिक होता असेही कोणी म्हणू नये.

हे झाले तेलाबरोबर येणाऱ्या वायूचे. पण मुंबईच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर १९७६ मध्येच दुसरी गोष्ट सापडली होती: मुख्यतः वायूचेच क्षेत्र. त्याला नाव दिले ‘बेसीन’. पोर्तुगीजांनी वसईला दिलेल्या नावाचे हे इंग्रजी रूप. मुंबई हायच्या ‘बॉम्बे’चे नंतर ‘मुंबई’ झाले, बेसीन मात्र कागदोपत्री बेसीनच राहिले. (समुद्रातल्या क्षेत्रांची नावे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना अशी रत्नांची माळच आहे. कोणा रसिक अधिकाऱ्याचे काम असावे.)

तेलक्षेत्र आणि वायूक्षेत्र यांत एक मूलभूत फरक आहे. बेसीनचा वायू कशाला बांधलेला नव्हता. गिऱ्हाईक नसेल तर झडप बंद ठेवायची. वायू चुनखडीत होता तसा राहतो. म्हणून त्याच्या विकासाची घाई झाली नाही. सापडला १९७६ मध्ये आणि उत्पादन सुरू झाले १९८८ मध्ये. मधल्या बारा वर्षांत शेजारच्या मुंबई हायवर वायू जळत होता आणि इथला जमिनीत सुरक्षित होता. मला ही विसंगती फार मोठी वाटते. वायू जपायचा असेल तर तेल थोडे सावकाश काढावे लागते, आणि तो निर्णय १९७३ च्या तेलसंकटानंतर घेण्याची हिंमत जगात फार थोड्यांना झाली.

बेसीनच्या वायूला आणखी एक खोड होती. त्यात हायड्रोजन सल्फाइड होता, सडक्या अंड्यांचा वास असलेला, जास्त प्रमाणात नाकात गेला तर वास कळण्याआधी माणूस कोसळतो असा. शिवाय कार्बन डायऑक्साइड. दोन्ही ओलाव्याशी मिळून पोलाद खातात. अशा वायूला तेलधंद्यात ‘आंबट’ म्हणतात आणि तो साफ करण्याला ‘गोड करणे’. समुद्रात काम कसे चालते ते इथे थोडक्यात सांगतो. पोलादी नळ्यांचा मनोरा, ज्याला जॅकेट म्हणतात, किनाऱ्यावर आडवा बांधतात, तराफ्यावरून नेऊन पाण्यात उभा करतात आणि त्याच्या पायांतून लांब खुंट समुद्रतळात ठोकतात. माझगाव डॉकने असे मनोरे बांधण्यासाठी न्हावा येथे यार्ड उभारले. वर लोखंडी मजले चढवतात. विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर माणसे नसतात. तिथून वायू नळीने मुख्य प्लॅटफॉर्मवर येतो. तिथे पाणी आणि वायूबरोबर आलेले हलके तेल वेगळे करतात, मग ग्लायकॉल या द्रवातून वायू घालवून उरलेला ओलावा काढतात. ओलावा राहिला तर दाबाखालच्या गार नळीत मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ बनतो आणि नळी तुंबते. ओलावा काढलेला वायू समुद्रतळावरच्या मोठ्या नळीतून किनाऱ्याला जातो. नळीच्या आतून अधूनमधून घासण्या सोडतात, ऊस गाळल्यावर चरक घासतात तशा. गंधक वेगळे करण्याचे काम किनाऱ्यावर होते. तिथे मिळणारे गंधक वाया जात नाही. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधक लागतेच.

पण कोणत्या किनाऱ्यावर? बेसीनपासून महाराष्ट्राचा किनारा जवळ. नळी गेली सुरतजवळच्या हजिऱ्याला, दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब. हजिऱ्याला दिवसाला चार कोटींहून अधिक घनमीटर वायू हाताळणारे केंद्र उभे राहिले. १९८३ मध्ये जागतिक बँकेने दक्षिण बेसीनच्या विकासाला कर्ज दिले, ऑगस्ट १९८४ मध्ये वायूवाहतुकीसाठी ‘गेल’ ही कंपनी स्थापन झाली, आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही सुमारे सतराशे किलोमीटरची नळी मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशाकडे निघाली. तिच्यावर खत कारखान्यांची रांग उभी राहिली: विजयपूर, गडेपान, आंवला, बबराला, शहाजहानपूर, जगदीशपूर. जगदीशपूर अमेठीच्या परिसरात आहे, हे वाचकांना सांगायला नको.

इथे ‘महाराष्ट्राचा वायू पळवला’ असे लिहायचा मोह होतो, आणि तसे लिहिले गेलेही आहे. मला ते अर्धसत्य वाटते. गंगा-यमुनेच्या दुआबात गहू-भाताला नत्र लागत होते. शेकडो किलोमीटर युरिया रेल्वेने नेण्यापेक्षा वायू नळीने नेणे स्वस्त होते. मुंबईभोवती आणखी गर्दी नको हे मुंबईकरच म्हणत होते. आणि १९८१ ते ८४ या निर्णायक वर्षांत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. म्हणजे या प्रश्नावर दिल्लीत मराठवाड्याचा माणूस नव्हता अशी तक्रार तरी करता येत नाही. शंकरराव पाण्याच्या बाबतीत किती हट्टी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. वायूच्या बाबतीत तसा हट्ट धरायला मराठवाड्यातून मागणीच नव्हती. मनमाडहून नांदेडकडे येणारी मीटरगेज लाइन रुंद व्हावी, यासाठीच आमची शक्ती खर्च होत होती. नळीचा विचार ज्या प्रदेशाने केला नाही, त्याच्यापर्यंत नळी आली नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याची नळीही जिथे वेळेवर आली नाही तिथे वायूच्या नळीचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर नाही.

या सगळ्या हिशेबात माणसे राहून जातात. समुद्रावर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी अशी पाळी असते. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, बारा-बारा तास काम करायचे, चहूकडे पाणी आणि पायाखाली जाळी. कायम नोकरीतल्यांबरोबर कंत्राटी वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी असतात. प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत मासेमारीला बंदी असते, आणि नेमके त्या लोखंडाच्या आसऱ्याला मासे जमतात. कोळ्यांचा आणि या धंद्याचा तंटा त्यातून आहे. जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ या तराफ्यावर विहीर अनावर झाली, तेव्हा अशा आगी विझवण्यात जगभर नाव असलेल्या अमेरिकेच्या रेड अडेअर यांच्या माणसांना बोलवावे लागले.

सर्वांत मोठा अपघात २७ जुलै २००५ चा. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती. २६ जुलैच्या पुरात राज्य यंत्रणा गुंतलेली. मुख्यमंत्री लातूर-बाभळगावचे विलासराव देशमुख. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचे होते. पावसाळी लाटांत जहाज मुंबई हाय उत्तरच्या प्लॅटफॉर्मला धडकले आणि समुद्रतळातून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या नळीला लागले. नळी फुटली, वायू पेटला. सुमारे दोन तासांत सात मजली म्हणावा असा सांगाडा वितळून समुद्रात गेला. त्या ठिकाणच्या ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली. २२ गेली, त्यांतल्या अनेकांचे देह मिळाले नाहीत. पुरातल्या शेकडो मृत्यूंच्या बातम्यांमध्ये ही बातमी आतल्या पानावर ढकलली गेली. एरवी उभ्या नळ्यांच्या बाजूला जहाज आणू नये, पावसाळ्यात माणसांची अदलाबदल कशी करावी, याची चर्चा देशभर झाली असती.

सोळा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ कामगार होते. सोबतची ‘वरप्रदा’ ही बोटही गेली. दोन्ही मिळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी मिळालेला होता. वादळापूर्वी तराफे बंदरात का आणले गेले नाहीत, हा प्रश्न २००५ मधल्या प्रश्नांचाच भाऊ आहे. मरणारे बहुतेक कंत्राटी होते.

१९९४ च्या डिसेंबरात पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉन यांच्या भागीदारीत दिली गेली. एन्रॉन बुडाल्यावर तिचा हिस्सा ब्रिटिश गॅसने घेतला. ताप्तीचा वायू आता संपला. एन्रॉन म्हटले की आपल्याला दाभोळच आठवते. समुद्रातल्या वायूतही ती होती, हे विसरले जाते. आणि पूर्व किनाऱ्यावर २००२ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रात मोठा वायूसाठा सापडला, २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, काही वर्षांतच ते अपेक्षेच्या कितीतरी खाली घसरले. तिथली वाळू कोणी नेली? नद्यांनीच. नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी लाखो वर्षे माती-वाळू समुद्रात टाकत आली, त्या थरांत तो वायू साठला. पश्चिमेच्या समुद्राखाली आमचा खडक आणि पूर्वेच्या समुद्रात आमची माती, असे म्हणायला हरकत नाही. कायद्याने अर्थात दोन्ही केंद्राचे.

मुंबई हाय आता म्हातारे झाले आहे. पन्नास वर्षांच्या उपशाने दाब उतरला. आत पाणी ढकलून तेल वर काढावे लागते. २०२५ च्या सुरुवातीला उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी या कंपनीची तांत्रिक मदत घेण्याचा करार केला. ‘सागर सम्राट’चेही खोदाईचे दिवस संपले, त्याचे रूपांतर उत्पादन करणाऱ्या केंद्रात करण्यात आले. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आता परदेशातून थंड द्रवरूपात जहाजाने येतो. युरियाचे पोते पन्नासचे पंचेचाळीस किलोचे झाले, त्याला कडुलिंबाचा लेप आला, आणि अनुदानामुळे ते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. स्वस्त म्हणून इतका युरिया पडला की आमच्याकडच्या अनेक रानांत स्फुरद-पालाशाचे गणित बिघडले. वायू जाळून एक नुकसान, आणि त्याचा युरिया करून बेहिशेब टाकून दुसरे.

नळीचा विषय अजून संपलेला नाही. मुंबई-नागपूर वायूवाहिनी समृद्धी महामार्गालगत टाकली गेली. ती छत्रपती संभाजीनगर-जालना या बाजूने जाते, लातूर-नांदेड तिच्या दक्षिणेला राहतात. २०१८ मध्ये लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी शहरी वायूवितरणाचा परवाना दिला गेला. तो घेणारी कंपनी २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या महानगर गॅसने विकत घेतली. मुंबई हायच्या वायूवर वाढलेली, १९९५ मध्ये मुंबईसाठी स्थापन झालेली ही कंपनी आता लातूरच्या रिक्षांना सीएनजी विकते. किलोवर मोजून.